अंगुस्तान

कॉव्हेंट्रीत फिती विणणाऱ्यांच्या गल्लीत
घरं तीन मजली, वरचा मजला सगळा खिडक्यांचा.
तिथे आमचा माग होता.
मी सात वर्षांची, कांड्या भरायचे.
बाबा, एनक ट्रसेल, ताण्यावरून नुसता तळहात फिरवून सांगत
कुठला धागा उद्या तुटणार ते.

मग समुद्रापलीकडून स्वस्त फिती आल्या.
एका हिवाळ्यात गल्लीतले निम्मे माग
सरपणात गेले.
शेजारचे डॉबनी अमेरिकेला निघाले,
जाताना मांजर आमच्याकडे ठेवून गेले.
आमचा माग कुणी घेईना, जाळायला आईचा जीव होईना.
नऊ वर्षं त्यावर आम्ही ओले कपडे वाळत घातले.

शिलाई मशीनच्या कारखान्याने
माणूस बसेल अशी चाकं करायला घेतली.
दुसऱ्याच वर्षी लाकडी आरे गेले, तारा आल्या,
आणि बाबा तिथे लागले. हाताखाली. वय सत्तेचाळीस.
फोरमन म्हणाला, तुला लोखंडातलं काय कळतं?
लोखंडातलं नाही, बाबा म्हणाले.
ताणातलं कळतं.

आईला ते चाक पटेना.
तिचा बाप गाड्या करणारा सुतार.
आरा मनगटाएवढा हवा, भार त्याच्या डोक्यावर उभा राहतो,
हे तिला बाळगुटीबरोबर मिळालेलं.
"विणायच्या सुईएवढ्या तारेवर माणूस?
त्याच्या बायकोला विचारलंय का कुणी?"

बाबांनी वाद घातला नाही.
पिंपाची एक लोखंडी कडी आणली,
आईच्या टोपलीतलं अंगुस्तान उचललं
आणि खिळ्याने त्याला भोकं पाडायला बसले.
आई ओरडली, तोवर चार पडली होती.
मागावर उरलेलं किरमिजी रेशीम
तुंब्यातून कडीला, कडीतून तुंब्याला.
एक ओढलं की समोरचं कुरकुरे,
म्हणून सगळ्यांना थोडं थोडं,
पुन्हा पहिल्यापासून थोडं थोडं,
पंगतीत वाढतात तसं.
कडी धरून माझे हात भरून आले.

बारा वाजून गेल्यावर
अंगुस्तानातून सळई घालून
त्यांनी तिला इस्त्री टांगली.
आईचीच. बिडाची, चुलीवर तापवायची.
रेशीम किंचित कण्हलं.
म्हातारं मांजर खाली बसून वर बघत राहिलं.

"हा भार खालच्यांवर उभा नाही," बाबा म्हणाले.
"वरच्यांनी धरलाय.
चाक फिरलं की वरचे खाली येतील,
तेव्हा धरायला दुसरे असतील."

आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग तिने इस्त्री काढली,
एकेक गाठ नखांनी सोडवली,
रेशीम कांडीवर परत गुंडाळलं.
"उद्या अंगुस्तान नवं आणा."

नवं काही त्यांनी आणलं नाही.
आई जन्मभर त्या भोकांच्याच अंगुस्तानाने शिवायची,
आणि सुई आरपार टोचली की
कारखान्याला शिवी द्यायची.

बाबा स्वतः त्या उंच चाकावर एकदाच चढले,
कुंपणातून काढावे लागले.
आपलं काम जमिनीवरचं, म्हणाले.

पुढे चाकं बुटकी झाली, दोन्ही सारखी,
मध्ये साखळी, घागऱ्याला जागा.
छत्तिसाव्या वर्षी मी शिकले.
काल केनिलवर्थच्या रस्त्यावर मागून आवाज आला,
टक्. जरा थांबून परत टक्.
उतरले. सायकल उलटी केली.
एकेक तार नखाने छेडत गेले,
सगळ्या बोलल्या, एक मुकी निघाली.

आवळायची चावी घरी राहिली होती.
बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
मी तारांवरून तळहात फिरवला,
आणि तशीच पुढे निघाले.
उद्यापर्यंत टिकेल ती.